गरम पाण्याने शरीर थंड कसे होते? घरगुती स्पामागचे विज्ञान

घरच्या घरी स्पा करायचा म्हटले की मेणबत्त्या, सुगंधी तेले आणि चेहऱ्यावरचे लेप यांची भलीमोठी यादी डोळ्यांसमोर येते. या यादीतील सर्वांत गुणकारी वस्तू मात्र साधे गरम पाणीच आहे, आणि त्याचा खरा परिणाम आपण पाण्यातून बाहेर आल्यानंतर सुरू होतो.

मेंदू, हृदय, यकृत अशा आतल्या अवयवांचे तापमान दिवसभर सारखे राहत नाही. संध्याकाळ सरता सरता ते उतरू लागते आणि या उतरणीवरच आपल्याला झोप येते. ही उष्णता बाहेर टाकण्याची मुख्य दारे म्हणजे तळहात आणि तळपाय. कारण तेथील सूक्ष्म धमन्या आणि शिरा केशवाहिन्यांना वळसा घालून एकमेकींना थेट जोडलेल्या असतात आणि हे जोड रुंदावले की त्वचेलगत रक्ताचा मोठा प्रवाह खेळू लागतो. गरम पाणी हे जोड उघडते. पाण्यातून बाहेर आल्यावरही ते काही काळ उघडे राहतात, त्यामुळे साठलेली उष्णता भराभर निघून जाते आणि शरीर रात्रीच्या उतरणीला लागते. हातापायांची त्वचा धडावरील त्वचेच्या तुलनेत जितकी उबदार, तितकी झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवून दिले होते. पुढे २०१९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातून ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात, झोपण्यापूर्वी एक ते दोन तास आधी, अवघी दहा मिनिटे घालवली तरी झोप लवकर लागण्यास मदत होते, असे दिसून आले. अगदी अंथरुणावर पडण्याच्या क्षणी केलेले कढत स्नान त्यामुळेच फारसे उपयोगी पडत नाही, कारण शरीराला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

पाण्यात तासभर पडून राहण्याचा मोह मात्र आवरावा. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींना सांधणारे स्निग्ध पदार्थ शरीरातील पाणी उडून जाऊ देत नाहीत. गरम पाणी आणि साबण मिळून हे स्निग्ध पदार्थ धुऊन नेतात. शिवाय निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीचा साबण अल्कधर्मी. म्हणून अंग हलकेच टिपून, त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. त्याचे मुख्य काम त्वचेत असलेले पाणी अडवून धरण्याचे आहे. जाता जाता एक गंमत सांगायला हवी. पाण्यात बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या बोटे पाणी शोषून फुगल्यामुळे पडतात, असे आपण समजतो. पण ज्या बोटांच्या नसा तुटलेल्या असतात त्यांना त्या पडत नाहीत. चेतासंस्था आतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून वरची त्वचा आत ओढली जाते.

मॉइश्चरायझर लावण्याच्या पद्धतीतही विज्ञान आहे. हातापायांच्या केसाळ त्वचेत काही मंदगती चेतातंतू असे असतात की ते सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या, त्वचेइतक्याच उबदार स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि सुखद स्पर्शाची जाणीव मेंदूपर्यंत नेतात. तेव्हा तळहात आधी एकमेकांवर घासून उबदार करावेत आणि मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश फिरवावेत. अर्थात येथे एक मर्यादा आहे. स्वतःचा स्पर्श मेंदूला आधीच ठाऊक असल्यामुळे तो त्याची तीव्रता कमी करतो (आपल्यालाच आपल्या गुदगुल्या होत नाहीत त्या याच कारणाने), म्हणून दुसऱ्याच्या हाताची सर आपल्या हाताला येत नाही.

‘विषारी द्रव्ये’ घामावाटे किंवा तळपायांतून खेचून काढण्याच्या दाव्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतात. घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि थोडे मीठ. विजेवर चालणाऱ्या पादस्नानाच्या यंत्रात पाणी तपकिरी होते, ते मुख्यतः त्यातील धातूच्या पट्ट्या गंजल्यामुळे.

रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाब उतरतो, तेव्हा पाण्यातून झटकन उठून उभे राहू नये. गर्भवती स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फार गरम पाण्यात बसू नये. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना अनेकदा बोथट झालेली असते आणि चटका बसला तरी कळत नाही. अशांनी पाण्याचा अंदाज पाय बुडवून न घेता तापमापीने घ्यावा.