विनाअट स्वीकार

विनाअट स्वीकार : स्वतःला, इतरांना आणि आयुष्याला उणिवांसकट मान्य करण्याची, पण त्यांच्यावर सरसकट बरे-वाईटाचा शिक्का न मारण्याची वृत्ती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी सुरू केली. ही वृत्ती त्या उपचाराचा गाभा आहे.

माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेकडे पाहण्याची त्याची दृष्टी अस्वस्थ करते, हा प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचा विचार एलिस यांनी पायाभूत मानला. या दृष्टीत त्यांना तीन हट्ट सापडले : मी यशस्वी झालोच पाहिजे, लोकांनी माझ्याशी नीट वागलेच पाहिजे, आयुष्य सुखाचे असलेच पाहिजे. मराठीत हा सगळा हट्ट एका ‘च’मध्ये मावतो. ‘मुलाखत चांगली व्हायला पाहिजे’ ही इच्छा झाली. ‘व्हायलाच पाहिजे’ म्हटले की तिची सक्ती होते. इच्छा अपुरी राहिली तर खंत वाटते, आणि ती वाटणे निरोगीच आहे. सक्ती मात्र पुढे नैराश्य, चीड किंवा अपराधगंडाकडे नेते.

तिन्हींत स्वतःचा स्वीकार सर्वांत अवघड म्हणावा लागेल. दहावीला गणितात नापास झालेला मुलगा ‘गणितात गेलो’ एवढ्यावर थांबत नाही, ‘मी बिनकामाचाच’ म्हणतो. पहिले विधान गुणपत्रिकेवर तपासता येते. दुसऱ्यासाठी त्याच्या आजवरच्या आणि उद्याच्याही सगळ्या वागण्याची बेरीज करावी लागेल, ती कोण करणार? घरच्यांनी ‘अरे, तू हुशार आहेस’ म्हणून समजूत घातली तरी भागत नाही, कारण हुशारीवर टेकलेला आत्मसन्मान पुढच्या निकालापर्यंतच टिकतो. म्हणूनच एलिस यांनी आत्मसन्मानाऐवजी आत्मस्वीकारावर भर दिला. कृतीला गुण द्यावेत, कमीही द्यावेत; माणसाला देऊ नयेत.

हे त्यांना नुसत्या विचाराने साधले नव्हते. एकोणिसाव्या वर्षी ते मुलींशी बोलायला कमालीचे बुजत. त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचे ठरवले. तीस जणी लगेच उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणे झाले. त्यांतली एकच पुन्हा भेटायला तयार झाली, आणि ठरल्या वेळी तीही आली नाही. पण नकाराची भीती गेली. ‘लोक काय म्हणतील’ हा धाक घालवण्यासाठी पुढे ते रुग्णांनाही असेच सराव देत : भर गाडीत पुढच्या स्थानकाचे नाव मोठ्याने पुकारायचे आणि डब्यातल्या नजरा झेलत गाडीतच थांबायचे.

इतरांच्या स्वीकाराविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ‘पदरी पडलं आणि पवित्र झालं’ म्हणत सोसत राहणे हा स्वीकार नव्हे. मारझोड करणाऱ्या नवऱ्याचे कृत्य निषेधार्हच असते. त्याच्याविरुद्ध तक्रार करावी, घर सोडावे. फक्त तो समूळ राक्षस आहे या विचाराने स्वतःला रात्रंदिवस जाळत राहू नये, एवढेच या तत्त्वाचे म्हणणे आहे. या फरकाकडे दुर्लक्ष झाले की स्वीकाराच्या नावाखाली अन्याय खपवला जातो, आणि तो बहुतेकदा बाईच्याच वाट्याला येतो.

महाराष्ट्रात ही विचारसरणी रुजवण्यात मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द आता मराठी समुपदेशनात सहज वापरला जातो.

आयुष्याच्या स्वीकाराचा दाखला एलिस यांच्याच दिनक्रमात मिळतो. चाळिशीत त्यांना मधुमेह झाला. तो त्यांना आवडण्याचे कारण नव्हते. पण ‘मलाच का?’ या प्रश्नात न अडकता त्यांनी इन्सुलिन आणि खाण्याच्या वेळा काटेकोर सांभाळल्या, आणि नव्वदी ओलांडेपर्यंत काम केले.