पार्श्वभूमी : शर्यतीतून उतरलेला ग्रेहाउंड ‘निवृत्त’ की ‘वाचवलेला’?

न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४मध्ये ग्रेहाउंडच्या शर्यती बंद करायचं जाहीर केलं. दोनच महिन्यांनी वेल्सच्या सरकारनेही तेच केलं. अशी घोषणा झाली की लगोलग प्रश्न येतो, मग या कुत्र्यांचं काय? ब्रिटनमध्ये मात्र हा प्रश्न बंदीची वाट बघत थांबलेला नाही. ग्रेहाउंड साधारण सव्वा वर्षाचा झाला की धावायला लागतो, तीन-चार वर्षांचा झाला की ट्रॅकवरून उतरतो आणि जगतो मात्र बारा-चौदा वर्षं. दूध आटलेल्या गाईला आपण भाकड म्हणतो. या कुत्र्याचं भाकडपण चौथ्या वर्षी सुरू होतं आणि ते आठ-दहा वर्षं चालतं. त्या वर्षांचा खर्च कोणी उचलायचा, यावर तिथे गेली पन्नास वर्षं भांडण चालू आहे. कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या धर्मादाय संस्था त्या भांडणात अगदी मध्यभागी उभ्या आहेत.

प्राचीन इजिप्तच्या भिंतींवरल्या कुत्र्यांपासून सुरुवात करायचा मोह टाळतो. आपल्या कामाचं एवढंच की, जिवंत सशामागे कुत्रे सोडायचा खेळ इंग्लंडात जुना. यांत्रिक ससा रुळावरून पळवून बघायचा प्रयोग लंडनजवळ हेंडनला १८७६मध्ये झाला, पण तो रुजला नाही. लंबवर्तुळाकार ट्रॅक अमेरिकेतून आला आणि जुलै १९२६मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला पहिली शर्यत झाली. पुढच्या वीस वर्षांत हा कामगारवस्तीचा हक्काचा खेळ झाला. संध्याकाळी कामावरून सुटायचं, ट्रॅकवर जायचं आणि चार पैसे लावायचे. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं डर्बी ही सर्वांत मानाची शर्यत जिंकणारा मिक द मिलर हा ग्रेहाउंड तर नटासारखा मिरवला. त्याच्यासारख्या एकाची कीर्ती उरली. त्याच्याबरोबर धावलेल्या हजारोंचं पुढे काय झालं, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

बहुतेक लिखाणात या खेळाचा ऱ्हास १९६१पासून मोजतात, कारण त्या वर्षी रस्त्यावरची बेटिंगची दुकानं कायदेशीर झाली आणि पैज लावायला ट्रॅकवर जायची गरज उरली नाही. ते प्रेक्षकांच्या बाबतीत खरं, कुत्र्यांच्या बाबतीत नाही. १९६७पासून दुपारच्या शर्यती खास या दुकानांसाठी भरवल्या जाऊ लागल्या. घोड्यांच्या दोन शर्यतींमधली रिकामी मिनिटं भरायला सहा कुत्र्यांची अर्ध्या मिनिटाची शर्यत फार सोयीची होती. ट्रॅक एकामागून एक बंद पडले. लंडनचं व्हाइट सिटी १९८४मध्ये गेलं, वॉल्थमस्टो २००८मध्ये, विम्बल्डन २०१७मध्ये आणि खुद्द बेल व्ह्यू २०२०मध्ये. पण जे उरले त्यांवर सकाळ-दुपार-रात्र शर्यती चालू राहिल्या. रिकाम्या खुर्च्यांसमोरही सहा कुत्रे सुटायचे, आणि ते दमले की दुसरे सहा लागायचे. कुत्र्यांची मागणी प्रेक्षकांवर नाही तर वेळापत्रकावर अवलंबून राहिली. संस्थांच्या केनेलमधली, म्हणजे कुत्रे ठेवायच्या जागेतली, गर्दी समजून घ्यायची तर ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते.

या पार्श्वभूमीवर १९७५मध्ये ग्रेहाउंडसाठीची पहिली मोठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ती प्राणिमित्रांनी काढलेली नव्हती. शर्यतींचं नियमन करणाऱ्या मंडळानेच तिला जन्म दिला, तिच्या खर्चाचा मोठा भाग अनेक वर्षं खेळातूनच येत राहिला आणि तिच्या नावात ‘रिटायर्ड’ हा शब्द होता. तिच्या स्थानिक शाखा स्वयंसेवकांनी चालवल्या, आणि आजवर लाखाहून जास्त कुत्र्यांना घरं मिळाल्याचं संस्था सांगते. हे काम खोटं नाही. पण नावातल्या त्या एका शब्दाने बरंच काही आधीच ठरवून टाकलं होतं.

‘रिटायर्ड’ म्हटलं की मनात काय येतं? सेवा पूर्ण झाली, सत्कार झाला, आता आराम. निवृत्त होणाऱ्यामागे कोणीतरी मालक असतो आणि त्याची काही देणी असतात. उद्योगाला हा शब्द आवडतो तो यासाठी की त्यात गुन्हा नाही. कुत्रा धावला, थांबला, घरी गेला. गंमत अशी की शब्दात पेन्शनचा वास आहे, पण पेन्शनची तरतूद पुढची पंचेचाळीस वर्षं झाली नाही. दुसऱ्या बाजूच्या संस्था म्हणतात ‘रेस्क्यू’. वाचवलेला म्हटलं की कोणापासून वाचवला, हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि बोट ट्रेनरकडे, म्हणजे कुत्र्याला शर्यतीसाठी सांभाळून तयार करणाऱ्याकडे, जातं. ट्रेनर चिडतात. त्यांचं म्हणणं, मी स्वतः गाडीत घालून आणून दिलेला, लसी टोचलेला, चांगल्या वजनाचा कुत्रा तुम्ही ‘वाचवला’ कसा? त्यांच्या रागात तथ्य आहे. पण ज्या संस्थेला ट्रेनरचा फोन येतो की ‘शुक्रवारपर्यंत जागा करा, नाहीतर मला दुसरी सोय बघावी लागेल’, तिने त्याला काय म्हणावं? ‘दुसरी सोय’ म्हणजे काय, हे फोनच्या दोन्ही टोकांना कळत असतं.

मधला शब्द ‘रीहोमिंग’. तो कोणालाच बोचत नाही, म्हणून सरकारी कागदांत तोच सापडतो. मराठीत तर आणखी पंचाईत आहे. ‘पुनर्वसन’ म्हटलं की धरणग्रस्त आठवतात, आणि ‘दत्तक’ म्हटलं की वंश आणि वारसा. तरी ‘दत्तक’ तितकासा चुकीचा नाही. बऱ्याच संस्थांच्या करारात अट असते की, काही कारणाने कुत्रा सांभाळणं जमलं नाही तर तो परस्पर कोणाला द्यायचा नाही, संस्थेकडेच परत आणायचा. म्हणजे संस्था कुत्र्याचं माहेर राहते. त्या पहिल्या राष्ट्रीय संस्थेने पुढे आपल्या नावातला ‘रिटायर्ड’ गाळला. वरवर बघता नाव सुटसुटीत करण्याचा प्रकार होता. जुन्या स्वयंसेवकांनी त्यात बरंच काही वाचलं असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

शब्दांचा हा खल २००६पर्यंत मोजक्या वर्तुळातच होता. त्याआधी २००४मध्ये दक्षिण वेल्समधल्या फॉखरिऊजवळच्या डोंगरावर एक ग्रेहाउंड सापडला होता. डोक्यावर पिस्तूल झाडलेलं, दोन्ही कान कापलेले आणि तरी जिवंत. कान कापण्यामागे कारण होतं. ग्रेहाउंडच्या कानात आतल्या बाजूला गोंदलेलं असतं. आयर्लंडमध्ये जन्मलेल्याच्या दोन्ही कानांत, ब्रिटनमध्ये जन्मलेल्याच्या एका. टॉर्च लावून कान उलटा केला की कुत्रा कोणाचा, हे नोंदवहीत शोधता येतं. कान नसेल तर मालकही नाही.

जुलै २००६मध्ये एका रविवारच्या वर्तमानपत्राने डरहॅम परगण्यातल्या सीहॅमची बातमी छापली. बांधकामाचं सामान विकणारा एक माणूस, दर कुत्र्यामागे १० पौंड घेऊन, निरोगी ग्रेहाउंड मारून मागच्या सुमारे एकरभर जमिनीत पुरत होता. पंधरा वर्षांत सुमारे १०,००० कुत्रे, असा बातमीतला अंदाज होता. खटला झाला आणि २,००० पौंड दंड झाला. कशाबद्दल? परवान्याशिवाय जमिनीत कचरा पुरल्याबद्दल. कुत्रा वेदना न देता मारणं हा मालकाच्या मर्जीचा मामला होता आणि तो गुन्हा नव्हता. माझ्या मते या सबंध इतिहासातलं सर्वांत बोलकं कागदपत्र म्हणजे तो दंडाचा आदेश. दहा हजार ‘निवृत्तां’ची कायद्याच्या लेखी किंमत कचऱ्याइतकी होती, हे त्याने लिहून दिलं.

त्यानंतर चौकश्या झाल्या. २००७मध्ये खासदारांच्या एका गटाने हिशेब मांडला की, दरवर्षी साडेचार हजारांहून जास्त कुत्र्यांचा पत्ताच लागत नाही. उद्योगाने स्वतः नेमलेल्या समीक्षेनेही त्याच वर्षी कारभार बदलायला सांगितला. २०१०मध्ये इंग्लंडसाठी नियम आले. ट्रॅकवर पशुवैद्य हवा, कुत्र्याला मायक्रोचिप हवी, दुखापतींची नोंद हवी. नियम ट्रॅकच्या फाटकाशी थांबले. कुत्रा आठवड्यातून एखादी संध्याकाळ ट्रॅकवर असतो आणि उरलेला सगळा वेळ ट्रेनरच्या केनेलमध्ये, आणि केनेल या नियमांत नव्हतंच. २०१६मध्ये संसदेच्या समितीने नेमकं यावर बोट ठेवलं. दुसरं भगदाड म्हणजे आयर्लंड. ब्रिटनमध्ये धावणाऱ्या दर पाच कुत्र्यांपैकी चारहून अधिक तिथे जन्मतात. जे पिल्लू ब्रिटनच्या ट्रॅकपर्यंत पोचलंच नाही, ते ब्रिटनच्या आकड्यांतही नाही.

मृत्यूंचे आकडे जाहीर व्हायला लागले तेच मुळी २०१८च्या सुमारास. त्या वर्षी ९३२ कुत्रे मेले किंवा मारले गेले. त्यांतले २४२ ट्रॅकवर. १७५ अशांसाठी रकाना होता उपचारांच्या खर्चाचा. म्हणजे पाय मोडला होता, जुळला असता, पण शस्त्रक्रियेचं बिल कुत्र्यापेक्षा महाग होतं. पुढच्या वर्षांत हा रकाना जवळपास रिकामा झाला आणि ट्रॅकवरचे मृत्यू २०२४मध्ये १२३वर आले. उद्योग हे यश म्हणून दाखवतो, आणि घट खरी आहे. फक्त ती आकडे उघड झाल्यावर आली, आधी नाही.

आता वादाचा मुख्य निर्णय. सप्टेंबर २०२०मध्ये नियामक मंडळाने निवृत्ती योजना आणली. कुत्र्याची शर्यतीसाठी नोंदणी होतानाच, त्या वेळी, ४०० पौंड बाजूला ठेवायचे, निम्मे मालकाचे आणि निम्मे मंडळाचे. कुत्रा उतरला आणि मान्यताप्राप्त संस्थेकडे गेला की ती रक्कम संस्थेला मिळते. यालाच ‘बाँड’ म्हणतात. म्हणजे ‘रिटायर्ड’ शब्दातलं पेन्शन अखेर आलं. छोट्या संस्थांसाठी ही रक्कम लहान नव्हती. ग्रेहाउंड येतो तेव्हा बहुधा दातांवर किटण चढलेलं असतं, नसबंदी करायची असते, आणि अंगावर चरबी जवळजवळ नसल्याने भूल देतानाही जास्त काळजी घ्यावी लागते. त्यात घर मिळेपर्यंत केनेलचा रोजचा खर्च. ४०० पौंड एका साध्या कुत्र्याला कसेबसे पुरायचे, दुखावलेल्याला नाही.

तरी भांडण रकमेवरून नव्हतं. बाँड घ्यावा का, यावर संस्था दुभंगल्या. घेणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. कुत्रा दारात उभा आहे, ज्याने त्याला पळवलं त्याच्याकडून पैसे वसूल करण्यात लाज कसली? न घेणारे म्हणत होते की, या पैशाने आपण उद्योगाचं शेवटचं यंत्र बनतो. एका टोकाने पिल्लू आत येतं, दुसऱ्या टोकाने आपण ते सोफ्यावर पोचवतो, आणि मधला पट्टा फिरतच राहतो. जितकी चटकन घरं शोधू तितक्या चटकन केनेल रिकामी होऊन नवे कुत्रे येतील. मला दुसरा युक्तिवाद जास्त पटतो, पण तो करणं सोपं आहे ते फाटकापाशी कुत्रा उभा नसताना, हेही खरं.

सप्टेंबर २०२२मध्ये तिढा उघड्यावर आला. देशातल्या तीन मोठ्या प्राणिकल्याण संस्थांनी मिळून मागणी केली की, शर्यती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा. यांतल्या काही संस्था तोवर वर्षानुवर्षं उद्योगाबरोबर एका टेबलावर बसून सुधारणांची चर्चा करत होत्या. उद्योगाने याला दगा म्हटलं. या गदारोळात ग्रेहाउंड घरी नेणारं कुटुंब कुठेच नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्याला यातलं फारसं ठाऊकही नसतं.

त्याच्यासमोर वेगळेच प्रश्न असतात. केनेलमध्ये वाढलेल्या कुत्र्याने जिना पाहिलेला नसतो. तो पहिल्या पायरीशी येऊन उभा राहतो आणि वर बघत बसतो. मग एकाने पुढून पट्टा धरायचा, दुसऱ्याने मागून एकेक पाय उचलून पायरीवर ठेवायचा, असा अर्धा तास. काचेचं दार त्याला कळत नाही, म्हणून संस्थेचे लोक काचेवर कागदाचे तुकडे चिकटवायला सांगतात. मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे साधा पट्टा निसटतो. रुंद, ओढलं की आवळणारी मार्टिंगेल कॉलर लागते. मांड्यांच्या मागे केस गेलेले असतात, ते हळूहळू येतात किंवा येत नाहीत. मांजर असलेल्या घरी देण्याआधी संस्था मुसकी बांधून त्याला मांजर दाखवते आणि फक्त नजर बघते. नजर हटली तर ठीक, खिळली तर ते घर नाही. आणि ताशी साठ किलोमीटरच्या पुढे धावणारा हा प्राणी दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतो, यावर नवीन माणसाचा पहिले पंधरा दिवस विश्वासच बसत नाही.

बंदी आल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण मकाऊचं आहे. तिथला ट्रॅक जुलै २०१८मध्ये बंद झाला आणि पाचशेहून अधिक ग्रेहाउंड केनेलमध्ये तसेच राहिले. सरकारला त्यांचा ताबा घ्यावा लागला आणि संस्थांनी त्यांना विमानाने देशोदेशी पाठवलं. अमेरिकेत फ्लोरिडाने त्याच वर्षी मतदानाने बंदी घातली, पण २०२०च्या अखेरपर्यंत मुदत दिली, त्यामुळे कुत्रे टप्प्याटप्प्याने बाहेर आले. न्यूझीलंडनेही जुलै २०२६पर्यंतची मुदत ठेवली; तिथल्या कुत्र्यांचा आकडा तीन हजारांच्या जवळ.

वेल्समध्ये एकच ट्रॅक आहे, इस्त्राद मनाखला. विधेयकात बंदी एप्रिल २०२७ ते एप्रिल २०३० या काळात कधीतरी लागू करायची तरतूद केली गेली. तिथे धावणारा कुत्रा त्यानंतर संस्थेकडे येईलच असं नाही. ट्रेनर त्याला गाडीत घालून इंग्लंडातल्या ट्रॅकवर नेऊ शकतो, आणि तिथे त्याची नोंद ‘निवृत्त’ म्हणून नाही तर ‘चालू’ म्हणून होईल.