बुलेटचा रॉड हलतोय? आधी आत बुश आहे की रोलर ते सांगा

इथे कोकणात गणपतीच्या पंधरा दिवस आधी मला ठरलेला फोन येतो. पावसाळाभर पडवीत उभी असलेली जुनी बुलेट बाहेर काढलेली असते, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, उतरवलेला असतो आणि मिस्त्रीने निकाल देऊन टाकलेला असतो: "रॉड गेला, रोलरवाला टाकू." कशावरून गेला असं विचारलं की उत्तर येतं, "हाताने हलवून बघितला, हलतोय." अहो, रॉड म्हणजे पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा, तो हलणारच. कुठल्या दिशेने हलतोय आणि रॉडचं खालचं टोक ज्या क्रँकपिनवर फिरतं तिच्यावर बुश बसवलेला आहे की रोलर, हे कळल्याशिवाय त्या हलण्याला काही अर्थ नाही.

मी बोलतोय ते लोखंडी ब्लॉकच्या ३५० बद्दल. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. आखणी इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कारखान्याची, १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली. तिचा क्रँक दोन फ्लायव्हील आणि मधली पिन असा जोडून केलेला. त्यामुळे रॉड बदलायचा म्हणजे सगळा क्रँक सुटा करायचा. उगाच करायचं काम नाही हे.

रोलरबद्दल फार सांगत बसत नाही: पिन आणि रॉडच्या मध्ये पोलादी दंडगोल घरंगळतात, एवढं पुरे. फक्त एक गैरसमज काढून टाका. रोलर म्हणजे नवीन आणि बुश म्हणजे जुनाट, असं नाही. दुसऱ्या महायुद्धात धावलेल्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या गाड्यांच्या बिग एंडला, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाला, रोलरच होते. रेडिचवाल्यांनी बुश निवडला तो रोलर माहीत असताना, विचार करून. आणि दुकानात रोलर रॉडला 'हायस्पीड रॉड' म्हणून विकतात, ते नाव तर मला अजिबात सहन होत नाही. रॉड बदलून गाडीचा वेग वाढत नाही.

आता बुश. ही एक पोलादी कडी. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही अंगांना व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचा थर असतो. ती रॉडमध्ये ठोकून बसवलेली नसते आणि पिनवरही घट्ट नसते. दोघांच्या मध्ये मोकळी, पिनपेक्षा कमी वेगाने फिरत राहते, म्हणून तिला फ्लोटिंग बुश म्हणायचं. इंजिन चालू असताना पिन आणि बुशमध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, बुश आणि रॉडमध्ये दुसरा. पिस्टनचा सगळा दणका या दोन पापुद्र्यांवर पडतो, धातूला धातू लागतच नाही. रोलरमध्ये उलट आहे. तिथे वजन पोलादावर पोलाद पेलतं, तेल फक्त भिजवतं आणि थंड ठेवतं.

बाकी सगळा फरक यातूनच निघतो. तेलाचे दोन पापुद्रे मावायला दोन फटी लागतात. इंजिन बंद आहे, तेल निथळलं आहे, अशा वेळी रॉड उभ्या दिशेत ओढला तर त्या दोन्ही फटींची बेरीज हाताला लागते. म्हणून धडधाकट बुशमध्येही एक अगदी बारीक 'टिक' जाणवू शकते. रोलरमध्ये अशी जागाच ठेवलेली नसते. तिथे उभ्या दिशेत हाताला काहीही जाणवलं, तर तो रॉड संपला. एकाच बोटाला एकच टिक लागते. एका इंजिनात ती ठीक असते, दुसऱ्यात धोक्याची. बुशची सवय असलेला मिस्त्री संपलेला रोलर "बुलेटला एवढं चालतं" म्हणत परत बांधतो, आणि रोलरची सवय असलेला चांगला बुश फेकून देतो.

उभ्या दिशेत म्हणजे कसं, तेही नीट बघा. क्रँक टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी, आणा. रॉड दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली दाबा-ओढा. मनगट वळवायचं नाही. रॉडचं वरचं टोक धरून डावी-उजवीकडे डोलवलं की ते चांगलं दिसण्याइतकं हलतं, कारण खालची थोडीशी फट वरपर्यंत येताना रॉडच्या लांबीमुळे मोठी होते. शिवाय दोन फ्लायव्हीलच्या मध्ये रॉडला सरकायला मुद्दाम जागा ठेवलेली असते. हा आडवा प्ले, म्हणजे सैलपणा, बुशलाही असतो, रोलरलाही असतो, आणि तो असायलाच हवा. तपासण्याआधी बिग एंड रॉकेलने धुऊन घ्या, घट्ट तेल उभा प्ले लपवतं. मग क्रँक थोडा-थोडा फिरवून तीन-चार जागी पुन्हा बघा, कारण पिन चारी बाजूंनी सारखी झिजत नाही.

हा धडा मला महाग पडला. वडिलांची गाडी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजमध्ये टाकली होती. त्यांनी रॉड डोलवून दाखवला, मी मान डोलावली. बाजारातला रोलरचा सेट बसला आणि जुना रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आला. महिन्याभराने तो कागद सोडला. बुशचा राखाडी थर दोन्ही अंगांनी शाबूत होता, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. तोवर नवा रॉड सहाशे किलोमीटर चालला होता. पुढे कुंभार्ली चढताना तो आधी घरघरला, मग ठोकायला लागला. क्रँक खोलला तर नव्या पिनचं तेलाचं छिद्र फ्लायव्हीलच्या छिद्रासमोर नव्हतंच, पिन फिरवून बसवली होती. रोलर होता म्हणून चेंबरमधल्या, म्हणजे क्रँक ज्या बंद डब्यात फिरतो त्यातल्या, उडत्या तेलावर तो सहाशे किलोमीटर टिकला. त्या जागी बुश असता तर पहिल्या काही मिनिटांतच जाम झाला असता.

तेव्हापासून क्रँक बांधून आला की चेंबरमध्ये घालण्याआधी मी एक गोष्ट करतोच. क्रँकच्या टायमिंग बाजूच्या, म्हणजे तेलपंपाकडच्या, शाफ्टच्या टोकाला छिद्र असतं, त्यात तेलाच्या कुपीची चोच घट्ट धरायची आणि दाबत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग रॉडच्या कडेने, फ्लायव्हीलच्या फटीतून, एक जाड थेंब फुगतो आणि घरंगळतो. तो थेंब दिसला नाही तर इंजिन बांधायचं नाही. रॉड बुशचा असो की रोलरचा.

पंप झिजला आहे, किंवा शाफ्टच्या टोकाला तेल पोचवणारी छोटी सील चपटी झाली आहे, म्हणून बुश मेला; आणि त्यावर उपाय म्हणून रोलर टाकला. हे मला पटत नाही. त्याने आजार तसाच राहतो, फक्त मरण लांबतं. आधी पंप, सील आणि नमद्याचा फिल्टर बघा, मग रॉडचं बोला.

मग कोकणात कुठला घालावा? गाडी रोजची असेल आणि आठवड्यातून दोनदा घाट चढत असेल तर रोलर. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, मागे माणूस बसवून रेटत चढायची आपल्याकडे सवय आहे, आणि बुशच्या पापुद्र्याचे सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात. दणका मोठा, फिरणं हळू, पंपही हळू. पण गाडी जून ते ऑगस्ट पडवीत उभी राहणार असेल तर मी बुशच ठेवतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत रोलर जिथे टेकून राहिलेला असतो तिथेच पिनवर गंजाचा ठिपका पडतो आणि पुढे त्या ठिपक्यापासून पिनच्या पोलादाचे खवले सुटायला लागतात. बुशचा मऊ थर बारीक कचराही पोटात घेतो. मात्र पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू करताना डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून वीस-पंचवीस किक मारा, तेल वर येऊ द्या. आणि दर रविवारी दोन मिनिटं गाडी चालू करून बंद करणं सोडा. त्याने इंजिन तापत नाही, आत पाणी मात्र साचतं. त्यापेक्षा दोन्ही व्हॉल्व्ह मिटतील अशा जागी पिस्टन ठेवून गाडी उभी करा.

बाकीचे फरक किरकोळ. बाजारच्या रॉडचं वजन मूळ रॉडपेक्षा वेगळं असेल तर थरथर बदलते, तेव्हा दोन्ही काट्यावर ठेवून बघा. गजनपिनचा, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचा, बुश रीमरने भोक नेमकं करूनच बसवा. एका सेटची पिन दुसऱ्या सेटच्या रॉडला लावू नका. क्रँकचा फिरतानाचा वाकडेपणा डायल गेजवर दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०५ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. जवळपास कोणाकडे ते जमत नसेल तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्या. हातोडा मारून नुसत्या नजरेने सरळ केलेला क्रँक मी गाडीत घालत नाही.

आणि खोलायच्या आधी जुनं तेल पांढऱ्या कापडातून गाळा. कापडावर चुंबक फिरवा. थोडी काळी पूड चिकटली तर घाबरू नका, लोखंडी ब्लॉक आणि रिंगांची ती असतेच. चकचकीत खवल्यांसारखे तुकडे चिकटले तर रोलर किंवा पिन सोलवटली आहे. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण दिसले तर एक नखाखाली दाबा. शिशासारखा पसरला तर तो बुशचा आहे, कडक राहिला तर बहुतेक पिस्टनचा.