नळीला दचकलो, पुराला नाही
रात्रीची लाईट असली की उसाला दारं धरायला जावंच लागतं. माघातली गोष्ट. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन, सरी कुठवर भरली ते बघत बांधावरून चाललो होतो. पायापुढं काळं, लांब, वेटोळं घातलेलं काहीतरी दिसलं आणि मी दोन हात मागं जाऊन पडलो. खोरं पाटात. मग कळलं, ठिबकची जुनी नळी! उडी आधी पडली, 'साप' हा शब्द नंतर सुचला आणि नळी ओळखू आली ती सगळ्यात शेवटी.

चार्ल्स डार्विननं लंडनच्या प्राणिसंग्रहालयात हेच मुद्दाम करून पाहिलं होतं. जाड काचेआड पफ ॲडर जातीचा विषारी साप, काचेला टेकवलेला चेहरा, आणि काही झालं तरी मागं सरायचं नाही हा निश्चय. सापानं झेप घेतली आणि निश्चय जागच्या जागी विरला. डार्विन एक-दोन यार्ड मागं उडाला.

डोळ्यांनी टिपलेलं मेंदूच्या मागच्या भागात पोचून त्याचं नीट चित्र तयार व्हायला थोडा वेळ लागतो. मेंदूच्या आतल्या बाजूला पुल्विनार नावाचा भाग आहे; डोळ्यांकडून आलेले काही संदेश त्याच्याकडंही जातात. 2013 साली जपानमधल्या संशोधकांनी माकडांच्या पुल्विनारमधल्या पेशींचे संदेश मोजले. त्या माकडांनी आधी कधी साप पाहिला नव्हता. तरीही काही पेशी इतर चित्रांपेक्षा सापाच्या चित्राला लवकर आणि जोरात प्रतिसाद देत होत्या.

मग सापाची भीती आपण जन्मतःच आणतो का? सूझन मिनेका या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी 1980 च्या दशकात केलेले प्रयोग मला इथं फार मोलाचे वाटतात. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. सापाला घाबरणाऱ्या माकडांची चित्रफीत दाखवल्यावर तीही घाबरायला लागली. नंतर चित्रफितीत जोडकाम करून सापाच्या जागी फुलं दाखवली, घाबरणारं माकड तसंच ठेवलं. फुलांची भीती काही कुणी शिकलं नाही. म्हणजे उपजत असते ती भीती चटकन शिकण्याची तयारी. त्या तयारीला वळण लावतात भोवतालची माणसं. आमच्या जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व्हायची. वन्यजीव कायदा आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे त्यावर निर्बंध आले. त्या काळात थोरांच्या हातात नाग बघत वाढलेल्या पोरांच्या डोळ्यांत भीतीपेक्षा कुतूहल जास्त असायचं.

ही यंत्रणा अचानक समोर येणाऱ्यासाठी घडली आहे. जे हळूहळू येतं, त्याला मेंदू सरावतो. तीच गोष्ट पुन्हापुन्हा, थोडीथोडी समोर आली की त्याचा प्रतिसाद मंदावतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तासाला बोट-दोन बोट पाणी चढत होतं आणि आण्णा, माझे चुलते, ओट्यावर निवांत बसून होते.

"आण्णा, निघूया की आता."

"दोन हजार पाचच्या पुराला तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं. आणि समोरचे तरी कुठं हललेत अजून?"

समोरचेही आमच्याकडंच बघत बसले असणार. 1968 साली लाताने आणि डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका खोलीत झरोक्यातून हळूहळू धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्के माणसं उठून सांगायला गेली. सोबत दोन माणसं, ठरवून ढिम्म बसवलेली, असताना फक्त 10 टक्के. कळपात राहणाऱ्या प्राण्याला इतरांकडं बघून धोका ओळखणं बहुतेक वेळा फायद्याचंच पडलं असेल. पण सगळेच एकमेकांकडं बघत बसले, तर पहिलं उठायचं कुणी?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2005 चा पूर मागं टाकून. आम्ही बोटीतून बाहेर पडलो. दोन म्हशी गेल्या. नळीला बघून पडलेला मीच होतो, आणि दारात नदी आली तरी माझ्या छातीत कधी धस्स झालं नाही, हे अजून सलतं.

पूर ओसरल्यावर आण्णांनी गोठ्याच्या खांबावर तांबड्या ऑइलपेंटचा पट्टा मारला. पाणी तिथं आलं की दावी सोडायची, कुणाला विचारायचं नाही. 2021 च्या जुलैत मध्यरात्री पाणी पट्ट्याला लागलं. "अजून जरा बघूया," असं आण्णा म्हणाले, आणि म्हणता म्हणता खाली वाकून दावं सोडायला लागले.