सुचतं सगळ्यांना, ऐकतं कोण?

न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनं १८४९ मध्ये तारेचा तुकडा वळवत वळवत सेफ्टी पिन बनवली, पेटंटही घेतलं. पण डोक्यावर थोडं देणं होतं, म्हणून हक्क ४०० डॉलरला विकून मोकळा झाला. टोक झाकणारी टोपी आणि उघडमीट करणारं वेटोळं, एवढीच ती करामत. आजही तिच्यात फारसा बदल झालेला नाही.

अशी माणसं प्रत्येक काळात होतीच. त्यांचं ऐकून घेणारी व्यवस्था मात्र फार सावकाश उभी राहिली.

व्हेनिसनं १४७४ मध्ये कायदा केला: नवं उपकरण बनवा, नोंदवा, दहा वर्षं व्हेनिसच्या राज्यात दुसऱ्या कुणाला त्याची नक्कल करता येणार नाही. इथे कल्पनेला संरक्षण मिळालं, पण लोकांना आपणहून विचारायला कुणी गेलं नव्हतं.

ते काम जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, योशिमुने यानं केलं. १७२१ मध्ये एदो शहरात (आजचं टोकियो) त्यानं सूचनापेटी ठेवली. किल्ली त्याच्याकडेच, म्हणजे मधल्या अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या गाळायची सोय नाही. (पुढच्या काळातल्या कित्येक सूचनापेट्यांचं घोडं नेमकं इथेच अडलं, असं मला वाटतं.) निनावी चिठ्ठी चालत नसे. ओगावा शोसेन नावाच्या एका वैद्यानं गरिबांसाठी दवाखाना हवा असं लिहिलं, आणि १७२२ मध्ये शहरातल्याच कोइशिकावा भागात तो सुरू झाला.

युरोपात बक्षिसाची वाट जास्त रुळली. भर समुद्रात रेखांश, म्हणजे जहाज पूर्व-पश्चिमेला नेमकं कुठे आहे, ते कसं ओळखायचं, यासाठी ब्रिटिश संसदेनं १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. सुताराचा मुलगा जॉन हॅरिसन यानं जहाजावरही अचूक चालणारं घड्याळ बनवून दाखवलं; निघाल्या ठिकाणची आणि जहाजावरची वेळ यांतल्या फरकावरून रेखांश काढता येतो. पण परीक्षक मंडळातल्या खगोलज्ञांचा ओढा आकाशातल्या मोजमापांकडे होता. चाचण्या झाल्या, फेरचाचण्या झाल्या, आणि १७७३ मध्ये संसदेनं शेवटची रक्कम मंजूर केली तेव्हा हॅरिसन ऐंशीचा झाला होता. बक्षीस सगळ्यांना खुलं होतं, निवाडा मात्र मोजक्यांच्या हाती.

फ्रान्समध्ये मिठाई बनवणाऱ्या निकोला अपेरनं काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट लावून, ती पाण्यात उकळून ते टिकवलं. १८१० मध्ये सरकारनं त्याला १२,००० फ्रँक दिले. अट एकच, कृती छापून सगळ्यांसाठी खुली करायची. अन्न का टिकतं, ते पाश्चरच्या संशोधनानंतर कळलं. १८१० मध्येच इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. गंमत म्हणजे डबा उघडायचं खास हत्यार यायला आणखी चार-पाच दशकं गेली. तोवर छिन्नी आणि हातोडी.

कारखान्यात सूचना मागवून बक्षीस द्यायची रीत आली ती १८८० च्या सुमारास. स्कॉटलंडमध्ये डंबार्टनच्या जहाजगोदीत विल्यम डेनीनं सुधारणा सुचवणाऱ्या कामगारांना रोख बक्षीस द्यायला सुरुवात केली. ज्याचा हात रोज यंत्रावर, त्यालाच त्याची खोड ठाऊक, हे मालकाला उमगलं होतं.

तरी दारं बंद व्हायची ती व्हायचीच. ट्रामचा चालक बर्फामुळे काच उघडी ठेवून कुडकुडत गाडी हाकतोय हे मेरी अँडरसननं पाहिलं, आणि १९०३ मध्ये आतून दांडीनं फिरवायच्या वायपरचं पेटंट मिळवलं. तिनं ते विकायला काढलं, तर एका कंपनीनं कळवलं की याला व्यापारी मोल नाही. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली. त्यानंतर मोटारींवर वायपर सर्रास दिसू लागले.