जुनी स्पोर्ट्स कार, नवं क्रेट इंजिन: ‘पूर्ण’ या शब्दामागचा घोळ

हलक्या ब्रिटिश सांगाड्यात अमेरिकी व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन) बसवायची चाल जुनीच. १९६२ची एसी कोब्रा आणि १९६४ची सनबीम टायगर या त्यातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या गाड्या. दोन्हींत फोर्डचं छोटं व्ही-८ होतं आणि त्याचा एक मोठा फायदा म्हणजे डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) पुढच्या बाजूला. शेव्हरोलेच्या १९५५पासूनच्या स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्युटर मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) अंगावर येणारा. तो बसवायचा म्हणजे बहुतेकदा पत्रा ठोकणं किंवा कापणं आलं. टायगरमध्ये फोर्डचं इंजिनसुद्धा इतकं घट्ट बसलं की मागच्या एका स्पार्क प्लगसाठी फायरवॉलला भोक ठेवून त्यावर रबरी बूच लावावं लागलं. प्लग बदलायचा तर केबिनमधून हात घालायचा.

त्या काळची अडचण अशी पत्र्यातली होती. १९९७मध्ये कॉर्व्हेटमधून शेव्हरोलेचं एलएस-१ हे नवं व्ही-८ आलं तेव्हा ती बरीच मिटली. डिस्ट्रिब्युटर गेला, प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल आली, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा झाला. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मात्र ब्लॉकमध्येच राहिली, म्हणून सिलिंडरवरची हेड आटोपशीर राहिली. कमी क्षमतेचं पण हेडवर दोन-दोन कॅमशाफ्ट असलेलं व्ही-८ जिथे अडकतं, तिथे हे ५.७ लिटरचं इंजिन बसतं ते यामुळेच. पत्र्यातली अडचण कमी झाली. तिची जागा वायरिंगने आणि शब्दांनी घेतली.

‘क्रेट इंजिन’ म्हणजे मुळात कारखान्याने लाकडी पेटीत घालून पाठवलेलं बदली इंजिन. कार्ब्युरेटरच्या दिवसांत पेटीत काय आहे यावर फारसे वाद होत नसत. ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन एवढंच आलं तर शॉर्ट ब्लॉक. हेड आणि कॅमशाफ्टही आली तर लाँग ब्लॉक. उरलेलं जुन्या इंजिनावरून काढून चढवायचं. आता जाहिरातीत सरसकट लिहिलेलं ‘पूर्ण इंजिन’ कधी नुसता लाँग ब्लॉक असतो, कधी इनटेक आणि इंजेक्टरसह, तर कधी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि पेडलसह. या शेवटच्या संचातही इंधनपंप, रेडिएटर आणि गिअरबॉक्स धरलेले नसतात. स्टार्टर आणि अल्टरनेटरही बरेचदा वेगळे घ्यावे लागतात. विकणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी इंजिन पूर्णच असतं, अपुरी असते ती गाडी.

या घोळाची किंमत काय, ते क्रँकच्या रिलक्टर चकतीवर (क्रँक कुठे आहे ते सेन्सरला कळवणाऱ्या चकतीवर) नेमकं दिसतं. एलएस-१च्या घराण्यातल्या, म्हणजे एलएस इंजिनांपैकी सुरुवातीच्यांना २४च्या सिग्नलची चकती होती, नंतरच्यांना ५८ दातांची. बाहेरून ब्लॉक सारखाच. २४वाला ईसीयू ५८च्या इंजिनाला जोडला की स्टार्टर छान फिरतो, इंजिन मात्र पेटत नाही, आणि माणूस दोन दिवस पेट्रोल तपासत बसतो. क्रँक सेन्सरचा रंग आधी पाहावा: काळा असेल तर २४, करडा असेल तर ५८. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं पेडलही ईसीयूच्या जोडीचंच लागतं. नसेल तर इंजिन कमी ताकदीच्या मोडमध्ये अडकतं.

दुसरी हमखास चूक गिअरबॉक्सच्या तोंडाशी होते. जुन्या स्मॉल ब्लॉकच्या तुलनेत एलएसच्या क्रँकचा फ्लँज (गिअरबॉक्सकडचं तोंड) सुमारे १० मिमी आत असतो. जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर मधे स्पेसर हवा. नाहीतर टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा जोर तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) नाकाला क्रँकमध्ये आधार मिळत नाही आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या पंपाची वाट लागते.

इंजिन धरणारी माउंटिंग वेल्ड करायची घाई सगळ्यात महागात पडते. आधी रिकामा ब्लॉक गिअरबॉक्ससकट टांगून ऑइल चेंबर क्रॉसमेंबरला (चॅसिसच्या आडव्या पट्टीला) आणि स्टीअरिंगच्या दांड्यांना कुठे लागतो ते पाहायचं. बॉनेट लावून बघायचं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा कोन जुळवायचा. प्रोपेलर शाफ्टच्या प्रत्येक सांध्याला १ ते ३ अंश ठीक, त्याहून जास्त कोन वेग वाढल्यावर थरथर देतो. मगच टाके मारायचे.

कार्ब्युरेटरला अर्ध्या बारपेक्षाही कमी दाब पुरायचा, एलएसला सुमारे ४ बार लागतो. जुना रबरी पाइप आणि स्क्रूची क्लिप इथे चालत नाही. इंजेक्शनसाठीचाच पाइप घ्यावा. जुन्या टाकीत आडभिंती नसतील तर लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि ऐन वळणात इंजिन गुदमरतं. हेडवरच्या वाफेच्या नळ्या कूलिंगच्या सर्वांत उंच जागी न्यायच्या असतात. त्या बंद केल्या की हेडमध्ये हवा कोंडते, आणि काटा नॉर्मल दाखवत असतानाच हेड तापू शकतं. सेन्सर विचित्र वागू लागले तर एकेक सेन्सर बदलण्याआधी इंजिन आणि चॅसिस यांच्यातली अर्थिंगची पट्टी तपासावी.

कागदांवरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने १९९१मध्ये स्पष्ट केलं, की इंजिन बदललेली गाडी ही तिच्याच किंवा नंतरच्या वर्षाच्या एखाद्या प्रमाणित गाडीसारखी असली पाहिजे. पण क्रेट इंजिन कुठल्या गाडीतून निघालेलंच नसतं. मग त्याचं वर्ष कोणतं धरायचं? ब्लॉकवर ओतलेली तारीख की ज्या गाडीसाठी ते आखलं ती? या पेचावर २०१०च्या सुमारास एका उत्पादकाने कॅटलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि पेट्रोलची वाफ धरणारा कॅनिस्टर यांच्यासह अख्खा संचच बाजारात आणला. पुढे गाडी विकायची शक्यता असेल तर ज्यादा पैसे मोजून हाच घेणं शहाणपणाचं. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या गाड्यांना धुराची नियमित तपासणी माफ आहे. त्यातून नियमच माफ असा अर्थ सर्रास काढला जातो, तो चुकीचा.

ब्रिटनमध्ये गाडीची ओळख टिकवण्याच्या जुन्या गुणपद्धतीत चॅसिसला ५ गुण होते, इंजिनाला फक्त १. म्हणजे इंजिन बदलूनही मूळ नोंदणी नंबर सुखरूप राही. मात्र २०१८पासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली, तेव्हा गेल्या ३० वर्षांत ‘मोठा बदल’ झालेला नसावा अशी अट घातली गेली. सिलिंडरची संख्या बदलली असेल तर इंजिन त्या मॉडेलला मूळचं मिळणारं नसावं, असा अंदाज तिथे धरला जातो. सहा सिलिंडरच्या जागी आठ आले, तर एका नियमात गेलेला तो १ गुण दुसऱ्या नियमात गाडीला दरवर्षी तपासणीला उभी करू शकतो.