टचपॅड बदलण्याआधी हे करून बघा

टाइप करताना बाण मध्येच दुसऱ्या ओळीत उडी मारतो, नुसतं बोट लागलं तरी फाईल उघडते, ही तक्रार घेऊन बेळगावातल्या आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात येणारे बहुतेकजण थेट ‘टचपॅड बदलून द्या’ म्हणतात. ती वेळ क्वचितच येते. बरंचसं घरच्या घरी सुटतं, आणि त्याचे पैसे आम्हाला द्यायची गरज नाही.

आधी चार्जर काढा आणि दहा मिनिटं बॅटरीवर काम करा. बाण शांत झाला तर दोष टचपॅडचा नाही. टचपॅड बोटाचा दाब मोजत नाही. बोट जवळ आल्याने विजेच्या भारात होणारा बारीक बदल टिपतो. चार्जर खराब असला किंवा सॉकेटला अर्थिंग नसलं की टचपॅड गोंधळतो. शहापूर, वडगावच्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक दिसतं, पण मागे तार जोडलेली असेलच असं नाही. लॅपटॉपच्या धातूच्या भागावर हाताला झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ओल्या बोटांनीही हाच घोळ होतो. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडचे ग्राहक हे हमखास सांगतात. (कुंदा, म्हणजे आपली बेळगावी मिठाई, खाऊन तसाच हात टचपॅडवर ठेवणारेही आहेत!) लॅपटॉप बंद करून किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा, सॅनिटायझर फवारू नका.

मग सेटिंग. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, ‘टचपॅड’ असं जा. विंडोज १० मध्ये ‘डिव्हायसेस’खाली सापडेल. इथे लोक ‘कर्सर स्पीड’ कमी करतात आणि फरक पडला नाही म्हणून वैतागतात. स्पीडने बाण किती लांब जाईल एवढंच ठरतं. टाइप करताना तळहात चुकून लागला तर तो मोजायचा की सोडून द्यायचा, हे ‘टचपॅड सेन्सिटिव्हिटी’वर ठरतं. ती ‘मोस्ट सेन्सिटिव्ह’वर असेल तर ‘मीडियम’ किंवा ‘लो’ करा. हा पर्यायच दिसत नसेल तर सेटिंग बहुधा सिनॅप्टिक्स किंवा एलान या टचपॅड बनवणाऱ्या कंपन्यांच्या वेगळ्या ॲपमध्ये असतं.

विंडोज अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. ड्रायव्हर म्हणजे टचपॅड आणि विंडोज यांच्यातला दुभाष्या. आपल्या मराठी-कन्नड भागात दुभाष्या चुकला की काय होतं ते सांगायला नको. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये टचपॅडच्या नावावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘ड्रायव्हर’, ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असं करा. ते बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच घ्या. फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’ मात्र अजिबात टाकू नका. आणि हे सगळं करताना यूएसबी माऊस लावून ठेवा, नाहीतर मध्येच टचपॅड बंद पडला की हात बांधले जातात.

टचपॅड वर उचललेला दिसला, क्लिक घट्ट झालं किंवा लॅपटॉपची खालची बाजू टेबलावर सपाट बसेना, तर मात्र सेटिंग करत बसू नका. आत बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, टचपॅड दाबू नका आणि लगेच दुकानात आणा. येताना चार्जरही आणा, तोही तपासायला लागतो.